सुटी फुलं

के. बालचंदर यांनी एकदा भरसभेत, व्यासपीठावर बसून रजनीकांतची मुलाखत घेतली होती. बंगळूरच्या बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या शिवाजीराव गायकवाडला १९७५ साली ‘अपूर्व रागंगळ’मधून पडद्यावर आणलं ते बालचंदर यांनी. ‘रजनीकांत’ हे नावही त्यांचंच. गुरूनं विचारायचं आणि शिष्यानं अदबीनं सांगायचं, असा सगळा मामला. त्यात त्यांनी विचारलं, तुझा आवडता दिग्दर्शक कोण? असल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. समोर साक्षात गुरू बसलेला असताना दुसऱ्या कुणाचं नाव कोण घेईल? रजनीनं घेतलं. म्हणाला, महेंद्रन.

मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असायचं फारसं कारण नाही. मणिरत्नम आपल्याला ‘रोजा’पासून माहीत. भारतीराजानं अमोल पालेकर आणि श्रीदेवीला घेऊन ‘सोलवां सावन’ केला होता, तो कुणाला तरी आठवतो. बालू महेंद्र म्हटलं की ‘सदमा’. महेंद्रनचं नाव काढलं की मुंबईत दहातले नऊजण बालू महेंद्रच धरून चालतात. घोटाळा व्हायला कारणही आहे. महेंद्रन यांचा पहिला चित्रपट कॅमेऱ्यात पकडला तो बालू महेंद्रनीच. पण माणसं दोन, आणि स्वभावही दोन. आपल्याला बोलायचंय ते ज्याचा एकही चित्रपट त्याच्या स्वतःच्या हातानं हिंदीत आला नाही, त्याच्याबद्दल.

बारा चित्रपट. पहिला १९७८ चा, शेवटचा २००६ चा. त्यातले पहिले सहा अवघ्या तीन-चार वर्षांत आले आणि उरलेल्या सहांना पुढची पंचवीस वर्षं लागली. तामिळ सिनेमाबद्दल गांभीर्यानं बोलणारा माणूस त्या पहिल्या सहांपैकी दोन-तीन नावं घेतल्याशिवाय पुढे जात नाही. त्यांतल्या पहिल्या दोन चित्रपटांच्या आसपास पोचेल असं काही माझ्या हातून झालं तर मी सुखी होईन, असं मणिरत्नम म्हणून चुकले आहेत. मला मात्र या माणसाची गंमत वेगळीच वाटते. महेंद्रन यांनी संवाद लिहून पोट भरलं. टाळ्या वसूल करणारे, दणदणीत संवाद. आणि दिग्दर्शनाची संधी मिळाल्यावर पहिलं काम केलं ते संवाद खोडण्याचं.

* * *

जोसेफ अलेक्झांडर हे त्यांचं मूळ नाव. जन्म २५ जुलै १९३९, इळैयांगुडीचा. हा रामनाथपुरमकडचा कोरडा मुलूख. कॉलेजचं शिक्षण कारैक्कुडीच्या अळगप्पा कॉलेजात झालं. कारैक्कुडी म्हणजे चेट्टिनाड, बर्मा-मलायात सावकारी केलेल्या चेट्टियारांच्या प्रचंड वाड्यांचा भाग. त्या वाड्यांकडे ते पुढे परत येणार होते, पण फार उशिरा.

१९५८ साली कॉलेजच्या समारंभाला एम. जी. रामचंद्रन आले. एमजीआर म्हणजे तेव्हाच दैवत. मुख्यमंत्री व्हायला अजून एकोणीस वर्षं होती, पण गर्दी मुख्यमंत्र्याला लाजवील अशी. त्यांच्यासमोर काही विद्यार्थ्यांनी थोडक्यात भाषणं करायची होती. पोरांना बघायचा होता एमजीआर. मधे बोलणाऱ्यांची हुर्यो उडत होती. अलेक्झांडरची पाळी आली. त्यानं विषय काढला सिनेमाचा, आणि तोही कसा? आमच्या गावात कुणी प्रेमात पडला तर चोरून भेटतो, गावाला कळलं तर धडगत नसते. हे मात्र भर बागेत, मोठ्या आवाजात गाणी म्हणत हिंडतात आणि यांना कुणी हटकत नाही! समोर बसलेल्या माणसाच्याच पोटापाण्यावर घाव घालणारं बोलणं होतं. पोरांनी छत डोक्यावर घेतलं. एमजीआरही हसले, आणि कागदावर चार ओळी लिहून या मुलाला शाबासकी देऊन गेले. त्याच्यात चांगला टीकाकार दडलाय, असा त्या ओळींचा आशय.

या प्रसंगाला ‘नियतीचा संकेत’ वगैरे म्हणायचा मोह होतो. पण महेंद्रन यांनी स्वतः तसं कधी मानलं नाही. सिनेमात यायची आपली इच्छाच नव्हती, आपण या धंद्यात चुकून आलो, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. बोलणं ऐकून विनय वाटावा, पण मला तो विनय वाटत नाही. त्यांचे चित्रपट पाहिल्यावर तर मुळीच नाही. ज्याला सिनेमाची हौस होती तो एमजीआरसमोर बागेतल्या गाण्यांची टिंगल करायला गेला नसता.

पुढे मद्रासला कायद्याच्या अभ्यासासाठी गेले, पैसे संपले, अभ्यास सुटला. ‘इनमुळक्कम’ नावाच्या पत्रात नोकरी धरली. पत्रकार म्हणून एमजीआरच्या समोर गेले तर त्यांनी ओळखलं. कॉलेजातल्या त्या पोराला त्यांनी कामच दिलं: कल्कींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ या अवाढव्य ऐतिहासिक कादंबरीची पटकथा. चोळ घराण्याची ही पाच भागांची कादंबरी तामिळ घराघरात असते. आपल्याकडे ‘स्वामी’ किंवा ‘श्रीमान योगी’ असते तशी, फक्त कित्येक पटींनी लांब. बागेतल्या गाण्यांवर आक्षेप घेणाऱ्या पोरानं ती पटकथा लिहून काढली. चित्रपट झाला नाही. मग एमजीआरच्या नाटक मंडळीसाठी नाटक लिहिलं, ‘कांची तलैवन’च्या वेळी सहायक म्हणून राबले. ‘पोन्नियिन सेल्वन’ पडद्यावर आला तो २०२२ साली, मणिरत्नमच्या हातून. तोवर एमजीआरना जाऊन पस्तीस वर्षं झाली होती आणि महेंद्रनना तीन.

* * *

इथे थोडं थांबून तामिळ सिनेमातल्या ‘बोलण्या’कडे पाहायला हवं, नाहीतर महेंद्रन यांनी काय केलं ते कळणार नाही.

तामिळनाडूत सिनेमा बोलका झाला तो राजकारणासाठी, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. अण्णादुराई नाटकं आणि पटकथा लिहीत. करुणानिधींनी १९५२ साली ‘पराशक्ती’ लिहिला. त्यात शिवाजी गणेशन पहिल्यांदा पडद्यावर आले आणि कोर्टातल्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी जे लांबलचक भाषण ठोकलं ते दोन पिढ्यांना तोंडपाठ झालं. संवादांची पुस्तकं विकली जात, ध्वनिमुद्रिका निघत. नट होण्यासाठी मद्रासला येणारं पोर ‘पराशक्ती’मधला उतारा म्हणून दाखवायचं. अण्णादुराई १९६७ मध्ये मुख्यमंत्री झाले, मागोमाग करुणानिधी, १९७७ मध्ये एमजीआर. एक संवादलेखक, दुसरा संवादलेखक, मग नट. ज्या राज्यात पल्लेदार वाक्याच्या जोरावर सरकारं येतात तिथे वाक्य कापणाऱ्याला कोण विचारणार?

महेंद्रन यांनीही त्या बाजारात माल विकला. १९६६ च्या ‘नाम मूवर’पासून ते कथा देऊ लागले. शिवाजी गणेशनचा ‘निरैकुडम’ त्यांच्या कथेवरचा. मधेच कंटाळून पुन्हा पत्रकारितेत गेले. चो रामस्वामी यांनी १९७० मध्ये काढलेल्या ‘तुघलक’ या तिखट साप्ताहिकात बसून दुसऱ्यांचे चित्रपट सोलायचे. चो स्वतः नट, नाटककार, राजकीय टवाळखोर. त्यामुळे कचेरीत नटांची ये-जा. तिथेच सेंदामरै या नटाला त्यांनी एक कथा दिली. कर्तव्यकठोर पोलीस अधिकारी आणि त्याचा वाया गेलेला मुलगा. तिचं नाटक झालं; शिवाजी गणेशनना ते इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःच्या मंडळीकडे घेतलं, ‘तंगप्पदक्कम’, म्हणजे ‘सुवर्णपदक’, असं नाव दिलं आणि १९७४ मध्ये त्याचा चित्रपट आला. एस. पी. चौधरींच्या वेशातले शिवाजी आजही तिकडच्या पोलीस ठाण्यांतल्या अधिकाऱ्यांना आदर्श वाटतात म्हणे. चित्रपट धो धो चालला. ‘शक्ती’मधल्या दिलीपकुमार-अमिताभचं मूळ लोक इथे शोधतात.

म्हणजे १९७७ च्या सुमाराला महेंद्रन हे निर्मात्यांच्या लेखी एक भरवशाचं दुकान होतं. भावनांचा महापूर, टाळीची वाक्यं, रडणाऱ्या बायका: माल तयार मिळेल. आनंदी फिल्म्सचे वेणू चेट्टियार त्याच भरवशावर आले. चित्रपट करा, दिग्दर्शनही तुम्हीच करा.

* * *

महेंद्रन यांनी त्यांना सांगितलं, भाऊ-बहिणीची गोष्ट आहे. चेट्टियारांच्या डोळ्यांपुढे ‘पासमलर’ उभा राहिला असणार. १९६१ चा शिवाजी गणेशन-सावित्रीचा तो चित्रपट, भावा-बहिणीच्या प्रेमापायी अख्ख्या तामिळनाडूला रडवणारा. पुढचं ऐकायची गरज त्यांना वाटली नाही. होकार दिला.

गोष्ट होती उमाचंद्रन यांची. ‘कल्की’ साप्ताहिकाच्या स्पर्धेत पहिली आलेली कादंबरी, ‘मुळ्ळुम मलरुम’. या नावात तामिळची एक गंमत आहे: ‘काटा आणि फूल’ असंही वाचता येतं आणि ‘काटासुद्धा फुलतो’ असंही. महेंद्रननी त्यातलं हवं तेवढं उचललं आणि पुढची वाट स्वतः धरली. कादंबरीत नायकाचा हात वाघ तोडतो. महेंद्रननी तिथे लॉरी आणली. माझ्या मते सगळा चित्रपट या एका फरकात आहे. वाघानं हात तोडला तर माणूस नायक होतो. दारू पिऊन रस्त्यात पडलेल्याच्या हातावरून लॉरी गेली तर कीव करायची की राग करायचा तेच कळत नाही.

तो नायक म्हणजे काळी. डोंगरावरच्या वीजकेंद्रात विंच चालवणारा. लहानपणी बहिणीला घेऊन रस्त्यावर कसरती करून जगलेला. बहीण वळ्ळी हे त्याचं सर्वस्व. बाकी जग गेलं खड्ड्यात. गावातल्या लोकांना विंचच्या ट्रॉलीतून फुकट वर-खाली नेतो. नवा इंजिनिअर येतो, नियम दाखवतो, आणि काळी त्याला कायमचा मनात धरतो. निर्मात्याला या भूमिकेत रजनीकांत नको होता. रंग काळा, आणि तोवर बहुतेक खलनायकी कामं केलेली. महेंद्रन म्हणाले, रजनी नसेल तर मीही नाही. १९७८ या एका वर्षात रजनीचे वीसेक चित्रपट आले. सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलणारा माणूस म्हणून लोक त्याला ओळखायला लागले होते. त्या धबडग्यात या एका चित्रपटात तो नुसता उभा राहायला शिकला.

कमल हासननं बालू महेंद्रशी गाठ घालून दिली. शृंगेरीच्या परिसरात चित्रीकरण झालं, धुकं आणि हिरवळ जशी दिसते तशी. जमलेलं चित्रीकरण चेट्टियारांना दाखवलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. संवाद कुठायत? माणसं नुसती बघतायत! ‘तंगप्पदक्कम’च्या लेखकाला पैसे दिले होते, त्यानं गप्प बसणारी माणसं आणून उभी केली. त्यांनी पुढचे पैसे थांबवले. एक गाणं चित्रित व्हायचं राहिलं होतं, त्याचा खर्च कमल हासननं खिशातून केला. ज्या चित्रपटात तो नाही, ज्याचा नायक त्याचा उघड प्रतिस्पर्धी होऊ घातलाय, त्यासाठी. असल्या गोष्टी सिनेमाच्या धंद्यात क्वचित घडतात, म्हणून सांगितली.

काळी इस्पितळातून परत येतो तो प्रसंग बघा. वळ्ळी झालेली आहे शोभा. त्याचा हात गेलाय हे तिला माहीत नाही, आणि ते तिला कसं कळतं हे दाखवायला ‘पराशक्ती’च्या परंपरेत किमान दोन पानांचं भाषण लागलं असतं. इथे एक शब्द नाही. इळैयराजाचं संगीत, शोभाचा चेहरा, आणि रजनीचा रिकामा झालेला खांदा. शोभा त्यानंतर दोन वर्षांनी, कोवळ्या वयातच गेली. तिची एवढी एक चौकट उरली असती तरी पुरे होतं.

आणि शेवट. बहीण त्याच इंजिनिअरशी लग्नाला निघालीय, गाव तिच्या बाजूनं, काळी एकटा. वाटेत वळ्ळी मागे फिरते आणि भावाला येऊन बिलगते. झालं! आपल्या शब्दाखातर बहीण सगळ्या गावाला, होणाऱ्या नवऱ्याला सोडून आली, काळी जिंकला. मग तो स्वतःच तिचा हात इंजिनिअरच्या हातात देतो. देताना काय सांगतो? तू मला अजूनही आवडत नाहीस, हे. हृदयपरिवर्तन नाही, पश्चात्ताप नाही. तो आडमुठा होता, आडमुठाच राहिला. ‘काटासुद्धा फुलतो’ असं नाव देऊन महेंद्रननी काट्याला काटाच ठेवला.

चित्रपट १५ ऑगस्ट १९७८ ला लागला. पहिले काही आठवडे थिएटर ओस, मग तोंडोतोंडी बोलबाला झाला आणि गर्दी लोटली. बालचंदर यांनीही रजनीला कौतुकाचं पत्र धाडलं, तुला मी आणलं याचा अभिमान वाटतो, अशा अर्थाचं. तेव्हा सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाखतीत गुरूला धक्का बसला असेल असं मला वाटत नाही. हिंदीत बापूंनी १९८५ मध्ये याचा अवतार काढला, मिथुन चक्रवर्तीला घेऊन. बहिणीच्या भूमिकेत उषाकिरणांची कन्या तन्वी आझमी होती. चित्रपटाचं नाव ‘प्यारी बहना’. नावातच सगळं आलं.

* * *

दुसरा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पडद्याखाली भाषांतराची अक्षरं नव्हती. माझं तामिळ ‘वांगा-पोंगा’पुरतं. तरी दोन तासांत कुठे अडलो नाही. दुसऱ्यांदा अक्षरांसकट पाहिला आणि लक्षात आलं, फारसं काही नवं कळलं नाही.

‘उदिरिप्पूक्कळ’, १९७९. तामिळनाडूत फुलवालीकडे गजरा घ्यायला गेलात तर ती हातानं मोजून देते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक ‘मुळम’. दोऱ्यात न गुंफलेली, वजनावर मिळणारी ती ‘उदिरिप्पू’. म्हणजे आपली सुटी फुलं. घर नावाचा दोरा तुटल्यावर इकडेतिकडे झालेली पोरं, असा त्याचा अर्थ चित्रपट संपता संपता उमगतो.

मूळ बीज पुदुमैप्पित्तन यांच्या ‘सिट्रन्नै’ या दीर्घकथेतलं. सिट्रन्नै म्हणजे सावत्र आई. पुदुमैप्पित्तन हे तामिळ कथेला आधुनिक करणारे, चाळिशी-बेचाळिशीतच गेलेले लेखक. महेंद्रननी त्यांचं ऋण पडद्यावर मानलं, पण कथा जवळजवळ सगळी स्वतःची रचली. मेट्टुपाळयमजवळ वेळ्ळिपाळयम नावाच्या गावात, महिनाभरात चित्रीकरण उरकलं. कॅमेरा होता अशोक कुमार यांचा. हा माणूस मूळचा अलाहाबादचा, काम केलेलं मल्याळम चित्रपटांत, आणि तामिळ गावातलं ऊन यानं जसं पकडलं तसं गाववाल्यांनाही जमलं नसतं.

सुंदरवडिवेलु हा गावातला बडा माणूस, शाळा चालवणारा. पांढरे कपडे, मवाळ आवाज. आवाज चढवत नाही, हात उगारत नाही. फक्त दुसऱ्याला सुख झालेलं त्याला बघवत नाही. बायको लक्ष्मी आजारानं खंगलेली. दोन लहान मुलं. बायको जिवंत असताना त्याला तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न लावून हवंय, आणि हे तो सासऱ्याला अशा शांतपणे सांगतो की अंगावर काटा येतो. सासरा झालेत चारुहासन, कमल हासनचे थोरले बंधू, परमक्कुडीचे वकील. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. विजयन या नटानं सुंदरवडिवेलुचं जे केलंय त्याला मी ‘खलनायक’ हा शब्द वापरायला तयार नाही. आपल्या ओळखीत असतात अशी माणसं. लग्नकार्यात त्यांना मानाचं पान असतं, आणि त्यांच्या घरातल्या बायका बोलताना आधी दाराकडे बघून घेतात.

लक्ष्मी जाते. तो दुसरं लग्न करतो. तरी मेहुणीचं लग्न ठरल्याचं ऐकून त्याच्या आत काहीतरी तडकतं आणि तो तिला खोलीत कोंडून तिची विटंबना करतो. जन्मभर मला विसरू नयेस म्हणून, असं सांगून. आता मात्र गाव उठतं. त्याला नदीवर घेऊन जातात. मारत नाहीत, तू स्वतःच पाण्यात उतर, म्हणतात.

इथे एखाद्यानं त्याला गयावया करायला लावलं असतं, नाहीतर शेवटपर्यंत माजात ठेवलं असतं. महेंद्रन त्याच्या तोंडी एकच गोष्ट घालतात. आजवर मी पुष्कळ वाईट केलं, पण सगळ्यांत मोठा गुन्हा आज झाला, तुम्हा चांगल्या माणसांना मी माझ्यासारखं करून टाकलं, असं तो गावाला सांगतो. मग मुलांना जवळ घेतो, नीट राहा म्हणतो, आणि चालत पाण्यात शिरतो. ज्या लेखकानं संवाद खोडायची शपथ घेतलीय त्यानं जपून ठेवलेला हा संवाद. आणि तो दिला कुणाला, तर चित्रपटातल्या सर्वांत नीच माणसाला.

पोरं काठावर असतात. बाप कुठे गेला ते त्यांना कळलेलं नाही.

मला या चित्रपटात एक गोष्ट मात्र खटकत आलीय. यातल्या बायका सोसतात, सुंदर सोसतात. अश्विनीची लक्ष्मी विसरता येत नाही. पण त्यांचं सोसणं कॅमेऱ्याला जरा जास्तच देखणं वाटतं. ‘मुळ्ळुम मलरुम’मधला काळी बायका-माणसांवर जी दांडगाई करतो तिच्याकडेही महेंद्रन जरा लाडानं बघतात. दुसरी एक तक्रार: महेंद्रन यांच्या ‘मौना’चं सगळे गोडवे गातात, पण ते मौन रिकामं क्वचितच असतं. संवाद काढून झालेली जागा इळैयराजा भरून काढतो. इतकी सुरेख भरतो की तक्रार करणाराच अरसिक ठरतो. तरी नोंदवून ठेवतो.

* * *

१९८० साली तीन चित्रपट आले. ‘पूट्टाद पूट्टुक्कळ’, म्हणजे न लावलेली कुलुपं. पोन्नीलन यांच्या कथेवरचा. नाव चित्रपटापेक्षा चांगलं आहे. ‘जॉनी’ हा खरं तर धंद्याचा चित्रपट. रजनी दुहेरी भूमिकेत, एक चोर आणि एक न्हावी. पण त्यात गायिका झालेली श्रीदेवी चोराला लग्नाचं विचारते तो प्रसंग बघावा. तो टाळतो. आपण स्टेजवर गाणारी बाई म्हणून हा नाही म्हणतोय, असं तिला वाटतं. आपण चोर आहोत हे त्याला सांगता येत नाही. दोघंही दुसऱ्यापेक्षा स्वतःलाच कमी समजतायत. रजनीच्या पुढच्या चाळीस वर्षांत असा ओशाळलेला रजनी फार थोडा सापडतो.

तिसरा ‘नेंजत्तै किळ्ळादे’, ‘काळजाला चिमटा काढू नकोस’. चारुहासनांची मुलगी सुहासिनी कॅमेऱ्याचं शिक्षण घेऊन अशोक कुमारांच्या हाताखाली सहायक होती. लायटिंगचं सामान हलवणाऱ्या त्या पोरीला महेंद्रननी कॅमेऱ्यापुढे उभं केलं. चित्रपटाला तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: तामिळमधला सर्वोत्तम चित्रपट, अशोक कुमारांचं छायाचित्रण, आणि ध्वनिलेखन. तिसरा पुरस्कार मला महत्त्वाचा वाटतो. ज्या सिनेमात ध्वनी म्हणजे संवाद होता तिथे पहाटे धावणाऱ्या पावलांचा आवाज ऐकायला मिळाला. पुढच्या वर्षीच्या ‘नंडु’त, म्हणजे ‘खेकड्या’त, शिवशंकरींच्या कथेतला नायक लखनौकडचा, आणि गाणी चक्क हिंदी! १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलनात जिथे माणसं जळून मेली त्या राज्यात, सोळा वर्षांनी. त्यांनी कुठलीही भूमिका मांडायला ते केलं नाही. माणूस लखनौचा आहे, तो हिंदीतच गाणार, एवढा सरळ हिशेब. कॉलेजातल्या त्या भाषणाशी सुसंगत.

‘मेट्टि’, म्हणजे आपली जोडवी, हा १९८२ चा. त्यानंतर उतरण. १९८४ चा ‘कै कोडुक्कुम कै’ पुट्टण्णा कणगाल यांच्या कन्नड चित्रपटातल्या एका कथेवरून घेतला, रजनी आणि रेवतीला घेऊन. पण तोवर रजनी ‘सुपरस्टार’ झाला होता. लोकांना रिकामा खांदा नको होता, सिगारेट हवी होती. पुढे १९८६ ला एक, १९९२ ला एक. का आटले, याची बरीच कारणं सांगतात: निर्माते बदलले, काळ बदलला. मला वाटतं, त्यांना हा धंदा मनापासून आवडलाच नव्हता. ज्याला आवडतो तो वाईट चित्रपट करूनही टिकून राहतो. महेंद्रनना नुसतं टिकून राहायचं नव्हतं.

‘शासनम’ हा शेवटचा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशानं केलेला, वर्षानुवर्षं डब्यात पडून २००६ ला बाहेर आलेला. अरविंद स्वामी, गौतमी. विषय नगरत्तार चेट्टियारांमधल्या दत्तकविधानाचा. दत्तक गेलेल्या मुलानं जन्मदात्या घराशी नातं तोडायचं, आई समोर असली तरी ती आई नाही. ते कारैक्कुडीचे वाडे, जिथे एकोणीस वर्षांच्या पोरानं भाषण केलं होतं. लोकांनी पाहिला नाही. पाहण्यासारखा आहे.

उतारवयात ते चेन्नईच्या एका फिल्म संस्थेत मुलांना दिग्दर्शन शिकवत. आणि मग अचानक नट झाले. २०१६ च्या ‘तेरी’त, विजयसारख्या मोठ्या नायकापुढे, पांढऱ्या केसांचा थंड डोळ्यांचा मंत्री. नव्या पोरांना वाटलं, हा म्हातारा नट कुठून आणला? ज्या मसाल्याला त्यांनी विशीत नावं ठेवली, त्याच भांड्यात ते पंचाहत्तरी ओलांडल्यावर उतरले. यात कुणाला विडंबना दिसते. मला तर सुंदरवडिवेलुच दिसला: तोच मवाळ आवाज, तीच न चढवलेली भुवई. इतकी वर्षं तो त्यांच्यातच कुठेतरी बसला होता.

जानेवारी २०१९ मध्ये ‘पेट्टा’ आला. त्यात नवाजुद्दीन सिद्दिकीच्या बापाची भूमिका महेंद्रन यांची, आणि समोर रजनीकांत. एक एकोणऐंशीचा, दुसरा अडुसष्टचा. काळी आणि त्याला घडवणारा, चाळीस वर्षांनी एकमेकांचे वैरी होऊन. तीनच महिन्यांनी, २ एप्रिलला, महेंद्रन गेले.

‘पेट्टा’ मी मुंबईत पाहिला, रजनीच्या नावानं नाणी उधळणाऱ्या गर्दीत. शिट्ट्यांमधून निम्मं ऐकूच येत नव्हतं. पडद्यावरचा म्हातारा आपली वाक्यं मन लावून म्हणत होता, आणि मला सारखं वाटत होतं, पेन्सिल यांच्या हातात असती तर यातली निम्मी वाक्यं यांनी खोडली असती. रजनीच्या वाट्याचीसुद्धा.